म्हापशाच्या रस्त्यावरची झाडे आणि मॉडेलातला वारा

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात. म्हापशाच्या बाजारालगतचा, उत्तर-दक्षिण जाणारा, बारा मीटर रुंदीचा एक रस्ता तुम्ही एन्व्ही-मेट या रस्त्यांचे हवामान काढणाऱ्या संगणकीय मॉडेलात उभा केलात. दोन्ही बाजूंना तळमजला अधिक दोन अशा इमारती, म्हणजे साडेनऊ मीटरची उंची. एकदा झाडांशिवाय आणि एकदा दोन्ही फुटपाथांवर दाट झाडे लावून मे महिन्यातले दुपारी दोनचे चित्र काढलेत. झाडांमुळे हवेचे तापमान जेमतेम ०.७ अंशाने उतरले आणि पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म धूलिकण, मात्र १८ टक्क्यांनी चढले. वारा दोन्ही वेळा पश्चिमेकडून, सेकंदाला ३ मीटर, दाबोळी विमानतळावरच्या नोंदींची मासिक सरासरी काढून घेतलेला. आता परीक्षक विचारतात, मग झाडे लावायची की नाही? आणि तुम्ही मला विचारता, माझे मॉडेल चुकले का?

मी बावीस वर्षे पणजीत राहून हेच काम करतो आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. दोन्ही आकड्यांचा कल बरोबर आहे. झाडे अशा रस्त्यात हवा थोडीच थंड करतात आणि धूर थोडा अडवतात. पण एकाच तासाचे हे दोन आकडे शेजारी ठेवून झाडांचा निकाल लावता येत नाही. त्या रस्त्यावर माणूस तापतो तो दुपारी साडेबारा ते चार. धूर साचतो तो संध्याकाळी सहाच्या पुढे आणि पहाटे. तुम्ही दुपारचा वारा वापरून धुराचा प्रश्न सोडवायला गेलात, आणि तो वारा दुपारचासुद्धा नव्हता.

आधी वाऱ्याचेच बघू, बाकी सगळे त्याच्यावर उभे आहे. अशा मॉडेलात तुम्ही रस्त्याचा दगड न् दगड मांडलात तरी हवा आत येते ती चौकटीच्या कडेवरून, आणि कडेवर काय द्यायचे ते तुमच्या हातात असते. खारे वारे आणि मतलई वारे आपण सातवी-आठवीच्या भूगोलात शिकलो. गोव्यात डिसेंबरपासून मेपर्यंत ते रोज अनुभवाला येतात. सकाळी जमिनीवरून, पूर्वेच्या अंगाने, मंद मतलई वारा असतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग समुद्रावरून खारा वारा शिरतो. दोन-तीनपर्यंत तो जोर धरतो, वायव्येकडे झुकतो, सूर्यास्तानंतर ओसरतो. मासिक सरासरी काढताना तुम्ही या दोघांना एकत्र मिसळलेत. पूर्वेचा मंद वारा आणि वायव्येचा जोरदार वारा यांची सरासरी काढली की एक असा वारा हाती येतो, जो म्हापशात दिवसाच्या कुठल्याच तासाला वाहत नाही. शिवाय दाबोळीचे यंत्र सड्यावर, मोकळ्यावर, दहा मीटर उंचीवर आहे. म्हापसा समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत, टेकडीच्या पायथ्याशी आणि घरादारांनी भरलेले. सड्यावरचे ३ मीटर तुमच्या रस्त्यात माणसाच्या उंचीला एक मीटर उरले तरी पुष्कळ.

म्हणून सरासरी टाकून द्या आणि तासागणिक वारा द्या. एन्व्ही-मेटमध्ये ‘फुल फोर्सिंग’चा पर्याय त्यासाठीच आहे: तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, दिशा आणि सूर्यप्रकाश हे सगळे अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलत देता येते. मे महिन्यातला ढग नसलेला, नेहमीसारखा एक दिवस निवडा आणि त्या एकाच दिवसाच्या खऱ्या नोंदी घ्या. महिन्याची सरासरी करून बनवलेला दिवस नको.

इथे वेळेची एक चूक हमखास होते आणि ती फार महागात पडते. जगभरचे हवामानाचे विदा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपले घड्याळ साडेपाच तास पुढे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने मांडवीच्या मुखाजवळच्या एका कामासाठी वर्फ हे मोठ्या आवाक्याचे हवामानाचे मॉडेल चालवले. आलेख देखणे होते, दोन तज्ज्ञांनी तपासले, कोणाला काही खटकले नाही. मग ते करंजाळ्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या लोकांना दाखवायची वेळ आली. एका वयस्क रापणकाराने पडद्यावरचा बाण बघितला, खालची वेळ वाचायला लावली आणि म्हणाला, “सकाळीं वारो दोंगरावयल्यान येता, दर्यांतल्यान न्हय.” आमच्या आलेखात खारा वारा पहाटे साडेपाचला सुरू होत होता. वेळ बदलायची राहून गेली होती. प्रत्यक्षात ते सकाळचे अकरा होते. त्या एका चुकीमुळे सकाळच्या धुराचा सगळा हिशोब उलटा झाला होता, कारण सकाळचा धूर आम्ही वस्तीकडे ढकलत होतो आणि खरा धूर नदीवर जात होता. तेव्हापासून मी कुठल्याही मॉडेलाचा पहिला आलेख काढतो तो वाऱ्याच्या दिशेचा, चोवीस तासांचा, आणि तो त्या जागेवर रोज उभ्या असणाऱ्या कोणाला तरी दाखवतो. तुमच्या रस्त्यावर फुलवाली असेल, पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले असतील. त्यांना विचारा, संध्याकाळी धूर कुठल्या बाजूच्या दुकानात शिरतो.

दिशेबद्दलही तेच. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती. काही प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगाचा बाण द्यावा लागतो, म्हणजे तो जिकडे जातो ती दिशा. ओपनफोम या तशाच सॉफ्टवेअरमध्ये हात घालणार असाल तर हे लक्षात ठेवा.

आता रस्त्याच्या आत काय होते ते पाहू. शहरी हवामानाचे अभ्यासक टिम ओक यांनी १९८८ मध्ये रस्त्यांच्या उंची-रुंदीच्या प्रमाणावरून वाऱ्याचे तीन प्रकार मांडले. प्रमाण साधारण ०.६५ ते ०.७ च्या वर गेले की वरचा वारा छपरांवरून घसरत निघून जातो आणि खाली रस्त्यात एक भोवरा फिरत राहतो. तुमचा रस्ता साडेनऊ भागिले बारा, म्हणजे जवळपास ०.८. दुपारचा खारा वारा पश्चिम-वायव्येकडून आडवा येतो. तो पश्चिमेच्या इमारतीच्या छपरावरून पुढे सरकतो, पूर्वेच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून खाली उतरतो, आणि जमिनीलगत उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. म्हणजे वर वारा पूर्वेला जात असताना खाली गाड्यांचा धूर पश्चिमेच्या फुटपाथवर लोटला जातो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला विश्वास बसत नाही. उदबत्ती घेऊन दुपारी तीनला त्या रस्त्यात उभ्या राहा, धूर कुठे वळतो ते दिसेल. फार वेळ थांबायचीही गरज नाही, पाच मिनिटे पुरतात.

जर्मनीत कार्ल्सरूहच्या विंड टनेलमध्ये झाडांसह आणि झाडांविना अशा रस्त्यांच्या प्रतिकृतींवर बरेच प्रयोग झाले. आडव्या वाऱ्यात झाडांच्या रांगांनी आडोशाच्या भिंतीकडचे प्रदूषण वाढवले आणि समोरून वारा झेलणाऱ्या भिंतीकडचे थोडे कमी केले, असा त्यांचा सर्वसाधारण निष्कर्ष होता. तुमच्या रस्त्यात आडोशाची बाजू म्हणजे पश्चिम फुटपाथ आणि वारा झेलणारी म्हणजे पूर्व. तुम्ही १८ टक्के म्हणता, ती पूर्ण रस्त्याची सरासरी आहे. दोन्ही फुटपाथ वेगवेगळे काढून बघा. पश्चिमेला वाढ जास्त आणि पूर्वेला नगण्य दिसण्याची दाट शक्यता आहे.

हे बाजूला ठेवून आता ऊन घ्या. पणजी-म्हापसा साडेपंधरा अक्षांशावर आहेत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर येतो. आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला असल्याने ही मध्यान्ह घड्याळात साडेबाराला होते. तिथून तासाला पंधरा अंश या हिशोबाने सूर्य पश्चिमेला कलतो. दोन वाजता साडेनऊ मीटरच्या इमारतीची सावली फक्त चार मीटर पडते, साडेतीनला साडेनऊ मीटर, आणि चारच्या सुमारास ती पलीकडच्या भिंतीला टेकते. म्हणजे पश्चिमेच्या फुटपाथला दुपारी दोनला इमारतीचीच सावली मिळते. साडेबारा ते चार तापतो तो पूर्वेचा फुटपाथ.

तुमच्या रस्त्यापुरते उत्तर इथेच निघते. झाडाची सावली हवी ती पूर्वेला. धूर साचतो तो पश्चिमेला. पूर्वेच्या फुटपाथवर एकच रांग लावा, मुकुट एकमेकांना भिडणार नाहीत एवढे अंतर ठेवून, आणि पश्चिमेची बाजू भोवरा फिरायला मोकळी सोडा. पश्चिमेच्या फुटपाथला सकाळचे ऊन लागते, त्याला छज्जे काढा. आपल्या जुन्या दुकानांना कौलारू पागोळ्या होत्याच. हे उत्तर मी कागदावर काढले आहे. ते खरे ठरते की नाही हे तुमच्या मॉडेलाने तपासायचे. मॉडेलाचा मला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग हाच: डोक्यात एक स्पष्ट अंदाज असावा आणि गणिताने तो मोडून बघावा. अंदाजाशिवाय चालवलेले मॉडेल रंगीत चित्र देते, आणि त्यात काय बघायचे हेच कळत नाही.

०.७ अंशाने तुम्ही निराश झालात, ते मनातून काढून टाका. हवेचे तापमान हा इथे चुकीचा मापक आहे. बारा मीटरच्या रस्त्यातली हवा सतत बाहेरच्या हवेत मिसळत असते, ती फारशी थंड होऊच शकत नाही. त्यात झाडे हवा थंड करतात ती पाण्याची वाफ सोडून, आणि आपल्या हवेत वाफेला जागाच कमी. हिशोब सोपा आहे. ३३ अंश आणि ६८ टक्के आर्द्रतेला हवा आणखी साधारण १६ हेक्टोपास्कल वाफ मावून घेऊ शकते. नागपूरच्या मेमध्ये ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हीच जागा ७७ च्या आसपास असते. विदर्भातल्या झाडाचे आकडे गोव्याला लावून भागत नाही ते यामुळे.

आपल्याकडे झाड माणसाला वाचवते ते सावलीने. अंगावर येणारे ऊन आणि तापलेल्या डांबराची, भिंतींची धग हे सगळे मिळून जो आकडा निघतो त्याला सरासरी प्रारण तापमान म्हणतात. तो तुमच्या मॉडेलात आधीपासून निघालेला आहे, फक्त तुम्ही ती फाइल उघडली नाहीत. तिथे दाट सावलीने वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज दिसतो. मी पणजीच्या ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्यावर हे मोजले आहे, साधनासह सांगतो: टेबल टेनिसचा चाळीस मिलिमीटरचा चेंडू, त्याला करडा रंग, मधोमध तापमापकाचे टोक. मे महिन्यात दुपारी दीडला हा चेंडू उन्हात धरला आणि पंधरा मिनिटांनी दहा पावलांवर झाडाखाली धरला. हवेच्या तापमापकाने दोन्हीकडे जवळपास तेच दाखवले. चेंडूमध्ये दहा अंशांचा फरक होता. फुटपाथवर बसून गजरे विकणारी बाई त्या दहा अंशांत दिवस काढते. तिला ०.७ शी काही देणेघेणे नाही. परीक्षकांसमोर प्रारण तापमान किंवा त्यावरून काढलेला औष्णिक सोयीचा निर्देशांक मांडा, पीईटी किंवा यूटीसीआय, कोणताही चालेल.

आता त्या १८ टक्क्यांची दुसरी बाजू. मला तुमच्या फाइलीत पीएम २.५ ची पार्श्वभूमी शून्य दिसते. म्हणजे तुमच्या मॉडेलातला सगळा धूर फक्त त्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आहे. प्रत्यक्षात पीएम २.५ चा मोठा भाग दुरून येतो: घाटापलीकडून मतलई वाऱ्याबरोबर, आणि रात्री समुद्रावर गेलेली तीच हवा दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर परत. उदाहरणापुरते धरा की पार्श्वभूमी ३० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि रस्त्याचा वाटा ५. पाचाचे १८ टक्के म्हणजे ०.९. पस्तीसमध्ये ०.९ ची भर म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. तुमचा आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे न सांगता मांडला तर वाचणारा घाबरेल आणि पालिकेतला कोणीतरी तोच आकडा धरून झाडे नाकारेल. हे मी होताना पाहिले आहे, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतो.

गाड्यांचा धूर तपासायचाच असेल तर पीएम २.५ सोडा. नायट्रोजनचे ऑक्साइड किंवा काजळी, म्हणजे ब्लॅक कार्बन, घ्या. त्यात रस्त्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे झाडांचा परिणाम खरा दिसतो. पार्श्वभूमीसाठी रस्त्यापासून दूर, मोकळ्या जागेची नोंद वापरा आणि दिवस नीट निवडा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या होत्या. तशा दिवसाची पार्श्वभूमी घेतली तर कुठलाच रस्ता आपला वाटा दाखवणार नाही.

उत्सर्जनाच्या आकड्यांचे वर्षही महत्त्वाचे. बीएस-६ मानके देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्याआधीचे दर जसेच्या तसे लावले तर नव्या गाड्यांचा धूर तुम्ही अवाच्या सवा मोजाल, आणि सगळ्यांना नवे दर लावले तर जुन्या दुचाकी आणि टेम्पो निसटतील. खाणपट्ट्यात हे फार ठळकपणे दिसते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, नंतर पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १६ मार्च २०१८ पासून परत थांबल्या. डिचोली-सत्तरीच्या रस्त्यांसाठी कोणत्या वर्षाची ट्रकांची संख्या घेतली ते न सांगणारा अहवाल वाचण्यात अर्थ नाही. तुमच्या रस्त्यावर स्वतः उभ्या राहून मोजा: पंधरा-पंधरा मिनिटे, दुचाकी, चारचाकी, टेम्पो, बस वेगवेगळे. मंगळवारी एकदा आणि शुक्रवारच्या बाजाराला एकदा. शुक्रवार वगळून म्हापशाचे मॉडेल करणे म्हणजे चवथीचे दिवस वगळून फुलबाजाराचा हिशोब करण्यासारखे आहे.

आणि गाड्यांशिवायचा धूर. पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, लाकडाची भट्टी पहाटे पेटते, तेव्हा मतलई वारा जेमतेम असतो आणि हवा जमिनीलगत थिजलेली. जानेवारी ते मार्च सकाळी भाटांत, म्हणजे माडांच्या बागांत, आणि परसांत पालापाचोळा पेटवला जातो. कुठल्याही सरकारी उत्सर्जन यादीत तुमच्या गल्लीतली भट्टी सापडणार नाही. ती तुम्हालाच नकाशावर टाकावी लागेल.

झाडांकडे येऊ. मॉडेलाच्या संग्रहात जी झाडे असतात त्यातली बरीच युरोपातली, खालपासून भरगच्च पानांची. तुम्ही त्यातलेच एक उचलले आहे. झाडाचे गणित पानांच्या दाटीवर चालते: कोणत्या उंचीला, एका घनमीटरमध्ये किती चौरस मीटर पान. आपला माड घ्या. दहा-बारा मीटर नुसते खोड आणि वर झावळ्यांचा झुबका. त्याच्या खालून वारा बिनधास्त जातो, सावली मात्र विरळ आणि सरकती. पर्जन्यवृक्षाची छत्री पसरट, बुंधा मोकळा, सावली गर्द. बकुळ लहान, दाट आणि खालपर्यंत भरलेली. अरुंद रस्त्यात ती धूर सगळ्यांत जास्त अडवेल. एकाच रस्त्यावर ही तीन झाडे तीन वेगळी उत्तरे देतात. संग्रहातले झाड तसेच ठेवू नका, उंचीगणिक पानांची दाटी स्वतः भरा. त्यासाठी झाडाखाली उभे राहून मोबाइलने सरळ वर फोटो काढला, आणि त्यात आकाश किती टक्के दिसते ते मोजले, तरी कामापुरता अंदाज येतो.

जमिनीचा ओलावाही असाच तपासा. मूळचे आकडे तसेच राहिले तर मॉडेलाला वाटते माती भरपूर ओली आहे आणि झाड मनसोक्त पाणी पिते आहे. मे महिन्यात जांभ्याच्या सड्यालगतची, फरशीखाली दबलेली माती तशी नसते. ओलावा कमी केलात की वाफेने येणारा गारवा आणखी घटेल; सावलीला मात्र धक्का लागणार नाही. पडताळणी म्हणूनही हे चांगले.

संध्याकाळबद्दल एक इशारा. सात वाजता खारा वारा ओसरतो आणि गाड्या मात्र भरात असतात. वारा सेकंदाला मीटर-दीड मीटरच्या खाली गेला की तो सुबक भोवरा मोडतो आणि हवा ढवळली जाते ती मुख्यतः धावत्या गाड्यांनी. एन्व्ही-मेटसारख्या सरासरी प्रवाह सोडवणाऱ्या मॉडेलाची ही कमकुवत बाजू आहे. त्या तासासाठी डेन्मार्कमध्ये तयार झालेले ओएसपीएम हे रस्त्यावरच्या प्रदूषणाचे मॉडेल शेजारी चालवून बघा. ते साधे आहे, काही सेकंदांत उत्तर देते, आणि गाड्यांनी होणारी ढवळण त्यात धरलेली आहे. दोघांची उत्तरे दुपटीच्या आत असली तर पुढे जा. हॅनोव्हर विद्यापीठाचे पाम हे मुक्त सॉफ्टवेअर भोवरे प्रत्यक्ष सोडवते, पण त्याला मोठा संगणक आणि तुमच्या हाताशी नसलेले सहा महिने लागतील.

मॉडेलाच्या चौकटीचे नियम तुम्ही बहुधा वाचले असतील, तरी तुमच्या फाइलीत दोन गोष्टी खटकल्या. सर्वांत उंच इमारतीची उंची ‘ह’ धरली तर वारा येतो त्या बाजूला आणि दोन्ही कडांना किमान ५ ह, वर आणखी ५ ह, आणि वारा बाहेर पडतो तिकडे १५ ह मोकळे ठेवावे, असा युरोपीय मार्गदर्शिकेचा दंडक आहे. तुमची इमारत पश्चिमेच्या कडेला चिकटली आहे. दुसरे, माणसाच्या उंचीचे उत्तर जमिनीपासून मॉडेलाच्या जाळीतल्या तिसऱ्या-चौथ्या घराच्या खाली घेऊ नये. तुमची उभी घरे दोन-दोन मीटरची आहेत, म्हणजे तुम्ही श्वासाच्या उंचीचे म्हणून जे वाचता आहात ते पहिल्याच घरातले आहे. जमिनीलगत अर्धा मीटर करा. मोफत आवृत्तीत घरांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे रस्त्याची लांबी कमी करावी लागली तरी करा.

मोजमापाशिवाय हे काहीच सादर करू नका. दोन दिवस पुरतील. पण स्वस्तातले पीएम यंत्र वापरणार असाल तर सावध. ते प्रकाश विखुरण्यावरून कण मोजते, आणि आर्द्रता पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे आणि सल्फेटचे कण पाणी पिऊन फुगतात. यंत्राला तो धूर वाटतो. समुद्रकाठी पहाटे असे यंत्र दुप्पटही दाखवू शकते. शेजारी आर्द्रता मोजा आणि ऐंशीच्या वरच्या नोंदी वेगळ्या रंगात ठेवा, पुसू नका. मग मॉडेल आणि मोजमाप समोरासमोर मांडा. प्रदूषणाच्या मॉडेलांसाठी चालत आलेली कसोटी अशी की निम्म्याहून अधिक उत्तरे प्रत्यक्षाच्या अर्धपट ते दुपटीच्या आत यावीत. दाट वस्तीत याहूनही सैल कसोटी मानतात. हे ऐकून नवख्याला धक्का बसतो. पण म्हणूनच एकाच मॉडेलातल्या दोन मांडण्यांमधला फरक जास्त भरवशाचा असतो आणि स्वतंत्र आकडा कमी.

तेव्हा कामाचा आराखडा असा. तीन मांडण्या: झाडे नाहीत, दोन्हीकडे, फक्त पूर्वेला. प्रत्येक मांडणी एका पूर्ण दिवसासाठी, आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सुरू करून पहिले काही तास फेकून द्यायचे. उत्तरे वाचायची तीन वेळांची, सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सात, आणि दोन्ही फुटपाथांची वेगळी. उन्हासाठी प्रारण तापमान, धुरासाठी नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि पीएम २.५ एकूण पार्श्वभूमीसह. शेवटच्या आकड्याशेजारी मानके लिहा: आपले चोवीस तासांचे ६० आणि वार्षिक ४०, जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे १५ आणि ५.

तुमच्या फोटोत पश्चिमेच्या बाजूला आधीचे दोन पर्जन्यवृक्ष दिसतात. माझ्या उत्तरावरून ते नको असलेल्या बाजूला आहेत, असा निष्कर्ष कोणी काढेल. तसे लिहू नका. दोन सुटी झाडे भोवरा मोडत नाहीत. सलग रांग मोडते. चौथी मांडणी म्हणून पूर्वेची रांग अधिक ही दोन झाडे अशी चालवा, आणि त्यांच्या खालच्या फांद्या पाच मीटरपर्यंत छाटलेल्या धरून पुन्हा एकदा चालवा. फरक किती येतो ते मला कळवा.